यमन हरवला आहे: सीडी-शोधाची नोंद, ऑक्टोबर

मंडळी, या महिन्याची नोंद उशिरा लिहितोय, कारण प्रकरण अजून मिटलेलं नाही. तरी आधी हिशेब. हिंदुस्थानी संगीताच्या जुन्या सीडी शोधत तीन शनिवार, लंडनच्या मेट्रोपॉलिटन रेल्वे लाइनवर हॅरो-ऑन-द-हिलपासून रिकमन्सवर्थपर्यंत, चौदा चॅरिटी शॉप (दान आलेल्या जुन्या वस्तू विकणारी दुकानं). सीडी नऊ, खर्च साडेदहा पौंड. नॉर्थवूडला छत्री विसरलो, ती धरलेली नाही.

हीच लाइन का, असं गेल्या खेपेला एकाने विचारलं होतं. हॅरो, वेम्बली, पिनर या पट्ट्यात पूर्व आफ्रिकेतून आलेली गुजराती कुटुंबं भरपूर. १९७२ साली युगांडातून हाकललेलेही त्यांत बरेच. आपली माणसंही आहेत, आणि डॉलिस हिलचं महाराष्ट्र मंडळ इथून फार लांब नाही. या लोकांनी ऐंशी-नव्वदच्या दशकांत मैफिली ऐकल्या आणि बाहेर पडताना टेबलावरच्या सीडी विकत घेतल्या. आता ती घरं रिकामी होताहेत. मुलांकडे सीडी वाजवायला यंत्रच नाही, म्हणून खोक्यांवर खोकी दुकानाच्या दारात येतात. मध्य लंडनमधली दुकानं धुंडाळून काही हाती लागत नाही; तिथलं खोकं तुमच्याआधी दहा जणांनी चाळलेलं असतं.

‘इंडियन’ असा कप्पा कुठेच नसतो. ‘वर्ल्ड’ असेल तर बघायचा, पण खरं घबाड ‘रिलॅक्सेशन’मध्ये. पहिल्याच शनिवारी नॉर्थ हॅरोला देवमाशांचे आवाज आणि योगासनांचं संगीत यांच्या मधोमध पंडित रामनारायण यांची सारंगी सापडली. निंबस कंपनीची, एक पौंडाला. ती सारंगी ऐकून ज्याला झोप लागेल त्याला माझा दंडवत.

निंबसचं नाव दिसलं की मी डबी उघडल्याशिवाय पुढे सरकत नाही. वेल्सच्या सीमेवर मॉनमथजवळ वायस्टन लेझ नावाची जुनी हवेली आहे, तिथे यांचा कारखाना होता. ब्रिटनमध्ये सीडी छापायला पहिली सुरुवात यांनी केली, १९८४ मध्ये. रेकॉर्डिंगही स्वतःच करत, आणि हिंदुस्थानी संगीताला लांबलचक अवधी देत. एकच राग तासभर, मध्ये कात्री नाही. लंडनच्या नवरस या कंपनीच्या मैफिलींच्या सीडीही मी सोडत नाही, पण त्या अलीकडे कमी दिसतात. या महिन्यात एकच मिळाली आणि तिच्या डबीतला, सीडी धरून ठेवणारा मधला दात तुटलेला. डबी बदलली, काम झालं.

दुसऱ्या शनिवारी एक धडा मिळाला. एक पाश्चात्त्य चेंबर संगीताची सीडी पन्नास पेन्सला घेतली, घरी आणून उजेडात धरली तर कडेपासून आत पितळी रंग चढत चाललेला. लँकेशायरमधल्या एका कारखान्यात साधारण १९८८ ते १९९३ या काळात छापलेल्या बऱ्याच सीडींचं हे दुखणं आहे. वरचा लॅकरचा, म्हणजे संरक्षक लेपाचा थर बुकलेटच्या कागदातल्या गंधकाला पुरा पडला नाही, आणि आतला धातू गंजत गेला. सुरुवातीचे ट्रॅक नीट वाजतात, शेवटचे खरखरतात, कारण सीडी आतून बाहेर वाचली जाते आणि गंज बाहेरून आत येतो. अशी सीडी दिसली की शेवटचा ट्रॅक आधी लावून बघा. आणि ओरखड्यांबद्दल पुन्हा एकदा सांगतो: चकचकीत बाजूचे बारीक ओरखडे चालतात, छापील बाजूचे नाहीत. माहितीचा थर त्या छपाईच्या लगेच खाली असतो. तळ हिरवट-निळसर दिसला तर कुणीतरी घरी कॉम्प्युटरवर ‘बर्न’ केलेली सीडी आहे, परत जागेवर ठेवा.

आता यमनचं प्रकरण.

तिसरा शनिवार, पिनर. काचेच्या कपाटात ‘द राग गाइड’ दिसली. जाणकारांना सांगायला नको, पण नवे लोक वाचताहेत म्हणून: निंबसने रॉटरडॅमच्या संगीत विद्यालयाबरोबर १९९९ मध्ये काढलेला संच. चार सीडी, चौऱ्याहत्तर राग, आणि जवळपास दोनशे पानांचं पुस्तक. हरिप्रसाद चौरसियांची बासरी, बुद्धदेव दासगुप्तांचा सरोद, आणि गायला आपली दोन माणसं, श्रुती सडोलीकर-काटकर आणि विद्याधर व्यास. प्रत्येक राग चार-पाच मिनिटांत, जुन्या अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकडीत बसवावा तसा. किंमत तीन पौंड. माझ्या हाताला कंप सुटला.

या दुकानात चोरीच्या भीतीने बाहेर रिकाम्या डब्या ठेवतात आणि सीडी काउंटरमागच्या खणात. काउंटरवरच्या आजींनी खणातून चार सीडी काढून बसवल्या, मी पैसे दिले आणि निघालो. गेली सहा वर्षं तुम्हा सगळ्यांना ‘डबी उघडून बघा’ म्हणून सांगणारा मी. त्या दिवशी उघडली नाही.

घरी पहिल्या तीन व्यवस्थित. चौथ्या जागी इंग्रज पॉप गायक क्लिफ रिचर्डची नाताळगीतं.

या संचात राग इंग्रजी वर्णक्रमाने लावले आहेत, अभोगीपासून यमनपर्यंत. म्हणजे माझ्याकडे अभोगी आहे, अडाणा आहे, गोरख कल्याणसुद्धा आहे, पण यमन नाही. गाणं शिकायला बसलेल्या पोराला पहिल्या महिन्यात जो मिळतो, तोच मला मिळाला नाही. बायको म्हणाली, क्लिफ रिचर्डही मूळचा लखनौचाच ना? आहे खरा, १९४० चा जन्म. श्रुतीताई लखनौला भातखंडे विद्यापीठाच्या कुलगुरू होत्या, तेव्हा एवढाच काय तो संबंध लागतो.

पण डोकं लावलं तर गोष्ट सरळ आहे. अदलाबदल खणात झाली असणार, म्हणजे यमन क्लिफच्या डबीत. मंगळवारी कामावरून लवकर सुटून पिनर गाठलं. आजींनी खण उपसला, मी डब्या उपसल्या. क्लिफच्या तीन निघाल्या, तिन्हींत क्लिफच. नाताळगीतांची डबी नव्हती.

“ती सोमवारी गेली,” आजी म्हणाल्या. “नाताळचं सगळं ऑक्टोबरातच उचलतात लोक.”

कोण घेऊन गेलं ते त्यांना आठवेना. म्हणजे पिनरमध्ये कुणाच्या तरी घरी डिसेंबरात झाड सजवताना ती सीडी लागणार आणि केकच्या वासात यमन सुरू होणार. मी चेहरा पाडलेला बघून आजींनी एका चिठ्ठीवर माझा फोन नंबर घेतला आणि गल्ल्याला चिकटवला. “परत आणतात हो. चुकीची निघाली की लोक तणतणत परत आणतात. जानेवारीत बघा.”

दरम्यान तीन सीडी रिप करून, म्हणजे कॉम्प्युटरवर उतरवून झाल्या. आवाजाचा दर्जा न घटवणाऱ्या फ्लॅक फाइलींमध्ये, एग्झॅक्ट ऑडिओ कॉपी हा प्रोग्राम वापरून. दोनदा वाचून चेकसम (नक्कल बिनचूक आहे का ते सांगणारे आकडे) जुळवले. पुस्तक तर सीडीइतकंच मोलाचं निघालं. प्रत्येक रागाची वेळ, चलन आणि बंदिशीचं स्वरलेखन दिलं आहे. यमनचं पान उघडून रोज बघतो.

पिनर, ईस्टकोट, रेनर्स लेन भागात कुणी राहत असाल तर शेजाऱ्यांकडे जरा कान ठेवा. क्लिफ माझ्या दप्तरात आहे, जिथे डबी सापडेल तिथे घेऊन जायला. बायकोने काल लावून ऐकला. बरा आहे म्हणाली.