मृदंग लावता येणारी चार माणसे हवीत

सोलापुरात भजन मराठीत होते, कानडीत होते, तेलुगूतही होते. भाषा आणि चाली वेगळ्या असल्या तरी बैठकीची रीत बरीचशी सारखी: एकाने चाल उचलायची, बाकीच्यांनी ध्रुपद धरायचे, आणि ज्याचा गळा साथ देत नाही त्याच्या हातात टाळ द्यायचे. वारकऱ्यांनी शतकानुशतके गाणे असे सगळ्यांचे ठेवले. आता मंडपात स्पीकरवर रेकॉर्ड लावली की काम भागते, पण बसलेली माणसे नुसती ऐकणारी उरतात.

बैठक बंद पडायला बहुधा मृदंग कारण होतो. वाजवणारा एक आणि लावणारा, म्हणजे सुरात आणणाराही तोच. तो गावाला गेला की मृदंग गवसणीतच. वाजवायला वर्षे लागतात, हे खरे. लावायला मात्र कुणालाही शिकता येते.

आधी शाईचे तोंड, म्हणजे काळ्या लेपाचा गोल असलेले उजवे, लहान तोंड. पेटीवर षड्ज (सा) धरून ठेवा. काठावरून सगळी घरे, म्हणजे दोन वाद्यांमधल्या (ताणाच्या चामडी पट्ट्यांमधल्या) जागा, एकेक वाजवून पाहा आणि उतरलेले घर शोधा. तिथे गजऱ्यावर, म्हणजे तोंडाभोवतीच्या चामड्याच्या वेणीवर, वरून हातोडी मारली की स्वर चढतो, खालून मारली की उतरतो. सगळी घरे एकसारखी बोलू लागल्यावरच एकूण स्वर वर न्यायचा असेल तर गट्टे, म्हणजे वाद्यांखालचे लाकडी ठोकळे, ठोका, तेही समोरासमोरचे, थोडे थोडे. एकाच बाजूचे गट्टे ठोकत गेल्यास पुडी (तोंडावरचे कातडे) तिरकी ओढली जाते आणि वादी तुटते. हातोडी शाईवर कधीही पडू देऊ नका. शाईचा कण उडाला की सूर कायमचा फाटतो.

मग धूम, म्हणजे डावे, मोठे तोंड. मुठीएवढी गव्हाची कणीक पोळीच्या कणकेपेक्षा सैल भिजवा आणि चांगली तिंबून घ्या, म्हणजे ताणली तरी तुटत नाही. धुमेच्या मध्यभागी पाण्याचा हात फिरवा, गोळा बसवा आणि अंगठ्याने कडा दाबत पसरवा. मध्ये जाड, कडेला पातळ. कणीक जास्त झाली तर आवाज दबतो, कमी पडली तर धूम टणटणते. शाईच्या षड्जाच्या खालच्या सप्तकातला षड्ज मिळेपर्यंत चिमूटचिमूट घालत किंवा काढत राहा. घाईने मोठा गोळा थापला, तर निम्मी कणीक पुन्हा खरवडावी लागते.

आपल्याकडच्या हवेचेही भान हवे. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो, कातडे ताणून स्वर चढतो आणि पंख्याखाली कणीक भराभर सुकते. ओले बोट तिच्यावर अधूनमधून फिरवावे, नाहीतर कडा सुटतात आणि रंगात आलेल्या गजरात धूम एकदम बदलते. आषाढात उलटे होते. शेगावच्या गजानन महाराजांची पालखी सोलापूरवरून पंढरपूरला जाते तेव्हा हवा दमट असते, पुड्या सैलावतात. पाऊस लागला तर आधी मृदंग झाका. भिजलेला मृदंग शेगडीजवळ धरू नका, सावलीत वाळू द्या. घाईची ऊब पुडी फाडते.

महिला मंडळांची एक अडचण नेहमी दिसते. मृदंग काळी एकला (पेटीच्या सप्तकातल्या पहिल्या काळ्या पट्टीच्या स्वराला) लावलेला आणि गाणाऱ्या बायकांची पट्टी, म्हणजे त्यांचा षड्ज, काळी तीन. मृदंग ओढून तिथवर नेण्याचा हट्ट कशाला? काळी तीनच्या षड्जाला काळी एक पंचमात (प) येते. पट्टी काळी चार असेल तर तीच मध्यमात (म) येते. साथ सुरात राहते. पट्टी यांपैकी कुठेच बसत नसेल, तर गाणारीचा गळा ओढू नका, वेगळ्या स्वराचा मृदंग मागवा.

माइक धुमेला अगदी चिकटवून लावू नये, वीतभर अंतर ठेवावे. जवळ गेला की घुमारा इतका वाढतो की अभंगाचे शब्दच कळत नाहीत, आणि भजनात शब्द पहिले.

आरती झाली की कणीक लगेच काढा. ओला हात लावून बोटांनी सोडवा, सुरी वापरू नका. राहिलेला पापुद्रा ओल्या फडक्याने पुसा, धूम कोरडी होऊ द्या, मगच गवसणी चढवा. कणीक तशीच राहिली तर कातडे ओलाव्याने सैल पडते आणि उंदीर पुडी कुरतडतात. नव्या मुलांना पहिल्या दिवसापासून हेच काम द्या, आणि धुमेचा षड्ज मिळाला की नाही, हेही त्यांनाच ठरवू द्या.