शेटलंडला लोकर घ्यायला जाताना

लेरविकला, म्हणजे शेटलंडच्या मुख्य गावाला, पोचलात की पहिल्या दिवशी एका टोपीपुरतीच लोकर घ्या. हे आधीच सांगून टाकते, कारण आम्ही तसं केलं नाही.

माझी शाळेपासूनची मैत्रीण जूनमध्ये पुण्याहून माझ्याकडे लीड्सला आली होती. शिवणाच्या तासाला एकाच बाईंकडे आम्ही दोघी सुलट-उलट शिकलो. पुढे नात्यातल्या प्रत्येक बाळंतविड्यात आमची टोपडी आणि मोजे गेले, पण सगळे तुळशीबागेतल्या ॲक्रिलिकचे. लोकर ज्या मेंढीची, तिच्या गावात बसून एकदा विणायचं, एवढ्यासाठी आम्ही स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या शेटलंड बेटांवर आठ दिवस काढले.

ॲबरडीनपर्यंत रेल्वे आणि तिथून रात्रीची बोट. संध्याकाळी सुटते, सकाळी साडेसातला लेरविकला लागते. केबिन जमेल तितकी आधी घेऊन ठेवा, आणि मळमळीची गोळी बोटीत चढण्यापूर्वीच घ्या. भारतातून येताना सुया चेक-इनच्या बॅगेत टाकलेल्या बऱ्या. छत्री आणूच नका. तिथल्या वाऱ्यापुढे ती टिकत नाही, टोपीचा रेनकोट हवा.

पहिल्याच सकाळी एका दुकानात मैत्रिणीला एक निळा रंग इतका आवडला की तिने कार्डिगनसाठी चौदा गुंडे घेऊन टाकले. मुक्कामी येऊन खिडकीशी धरले तर त्यात जांभळी झाक! शेटलंडच्या बऱ्याचशा रंगीत लोकरीत सूत कातण्याआधीच वेगवेगळ्या रंगांचे तंतू मिसळलेले असतात. एका निळ्यात चार-पाच रंग लपलेले असतात आणि दिव्याखाली ते दिसत नाहीत. म्हणून गुंडा हातात घेऊन दारापर्यंत जा, उजेडात बघा. विचारलं तर कोणी नाही म्हणत नाही. लेबलवरचा डाय लॉटचा, म्हणजे एकदम रंगवलेल्या खेपेचा, नंबर सगळ्या गुंड्यांवर एकच आहे ना, तेही तिथेच तपासा.

दुकानांच्या नावांत गोंधळ होतो. जेमिसन्स ऑफ शेटलंड वेगळं आणि जेमिसन अँड स्मिथ वेगळं. पहिलं गावातल्या कमर्शियल स्ट्रीटवर. तिथे पंचवीस-पंचवीस ग्रॅमच्या गुंड्यांची भिंतच्या भिंत आहे, दोनशेहून जास्त छटा. दुसरं नॉर्थ रोडवर, गावातून चालत जाता येतं. हे मुळात लोकरीचे व्यापारी, बेटांवरचे शेतकरी कातरलेली लोकर यांना आणून घालतात. मला इथे जास्त रमायला झालं, कारण इथे न रंगवलेली लोकर मिळते, मेंढीच्या अंगावर होती त्याच रंगाची. या रंगांना जुनी स्थानिक नावं आहेत. लालसर तपकिरी तो मूरित, गडद राखाडी तो शेला. शेला! आपल्याकडे खांद्यावर घेतात तोच शब्द कानावर आल्यावर मी दोन गुंडे जास्त घेतले.

जेमिसन्सची गिरणी पश्चिमेला सँडनेसला आहे, जवळजवळ रस्ता संपतो तिथे. बस मोजक्याच, गाडी असेल तर बरं. शनिवार-रविवार धरू नका आणि निघण्यापूर्वी फोन करा. उत्तरेच्या अन्स्ट बेटावर जायला दोन फेरीबोटी घ्याव्या लागतात, अख्खा दिवस जातो. पण तिथल्या हेरिटेज सेंटरमधली लेसची शाल बघाच. अशी अख्खी शाल लग्नाच्या अंगठीतून ओढून काढता येते, इतकं सूत बारीक. लेरविकचं म्युझियम मात्र विनाशुल्क आहे, पावसाच्या दिवसासाठी राखून ठेवा.

या सगळ्याहून मोठं सुख संध्याकाळचं. जूनमध्ये इथे रात्री अकरालाही खिडकीशी दिवा न लावता विणता येतं. आमच्या घरमालकीण आजी रोज जेवणानंतर कमरेला चामड्याचा पट्टा बांधून बसायच्या. पट्ट्यावर हाताच्या पंज्याएवढी गादी, आत घोड्याचे केस भरलेले, वर भोकंच भोकं. उजव्या सुईचं मागचं टोक एका भोकात खुपसलं की सुई जागची हलत नाही आणि उजवा हात फक्त धागा टाकायला मोकळा. पूर्वीच्या बायका पाठीवर जळणाची टोपली घेऊन चालता चालता अशाच विणायच्या. मैत्रिणीने पट्टा बांधून पाहिला. पहिल्या दहा मिनिटांत चार टाके निसटले, तिसऱ्या दिवशी हात बसला.

फेअर आयल नक्षी, म्हणजे इथली रंगीत धाग्यांची वीण, दिसायला कितीही रंगीबेरंगी असली तरी एका ओळीत रंग दोनच असतात, हे आजींनी आम्हाला दाखवलं. नको असलेला धागा मागून सैल न्यायचा, ओढायचा नाही. मी ओढत होते, म्हणून माझी टोपी आवळत होती. मग एका संध्याकाळी त्यांनी नातीचा गोल विणलेला स्वेटर मांडीवर घेतला आणि मधोमध कात्री चालवली. आम्ही दोघी श्वास रोखून बसलो. एकही टाका उसवला नाही. या लोकरीचे तंतू एकमेकांना धरून राहतात, त्यामुळे अख्खा स्वेटर नळीसारखा विणून नंतर पुढून कापता येतो. ॲक्रिलिकवर हे चुकूनही करू नका.

एका टोपीला तीन-चार रंगांचा एकेक गुंडा पुरतो. ती विणून झाली की कुठला रंग कुठल्याशेजारी खुलतो ते कळतं, मग शेवटच्या दिवशी स्वेटरची लोकर घ्या. सप्टेंबरअखेरीला वूल वीक, म्हणजे लोकर आणि विणकामाचा आठवडाभराचा मेळा असतो, 2010 पासून भरतो. शिकायला खूप मिळतं, पण राहायची जागा महिनोन्‌महिने आधी बघावी लागते. आम्हाला जून मानवला, कारण दुकानात बोलायला माणसांना वेळ होता.

लोकर हाताला आधी जरा खरखरीत लागेल, धुतल्यावर मऊ पडते. कोमट पाण्यात भिजवा, चोळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा. बसकी गोल टोपी वाळवताना आजी आत जेवणाची प्लेट घालायच्या, म्हणजे गोलाई नीट येते. मैत्रिणीने पुण्याला गेल्यावर फोटो पाठवला: गॅलरीत मूरित आणि शेल्याची टोपी वाळतेय, आत स्टीलचं ताट. दहा इंची बरोबर बसतं म्हणाली.