बीप तर कुठलंही बटण दाबलं तरी होतो

निवडणुकीची ड्युटी म्हटलं की मास्तर कुरकुरतात, एवढं सगळ्यांना माहीत असतं. कुरकुर खरीच आहे. आदल्या दिवशी साहित्य मोजून घ्यायचं, एसटीनं गाव गाठायचं, रात्री शाळेतल्या बाकांवर पाठ टेकायची. पहाटे साडेपाचला पक्षांच्या मतदान प्रतिनिधींसमोर मॉक पोल, म्हणजे चाचणी मतदान. किमान ५० मतं टाकायची, मोजून दाखवायची, ती मतं पुसून यंत्र क्लिअर करायचं, छापून पडलेल्या चिठ्ठ्यांवर शिक्के मारून त्या काळ्या पाकिटात सील करायच्या. क्लिअर करायचं राहिलं तर दिवसभराचा हिशेब बोंबलतो, म्हणून त्या क्षणी केंद्राध्यक्षाशी कुणी बोलू नये. सातला मतदान सुरू झालं की मग जरा चहा.

२० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेसाठी मी सातारा जिल्ह्यातल्या एका गावात केंद्राध्यक्ष होतो. केंद्रावर रॅम्प होता, म्हणजे तपासणीच्या कागदावर ‘होय’ लिहिण्यापुरता होता. एक फूट चढायला बारा फूट लांबी लागते. इथे एक फुटाचा चढ चार फुटांत उरकलेला. व्हीलचेअर वर ढकलायला होमगार्ड आणि एक दांडगा स्वयंसेवक दोघं लागत, आणि उतरवताना खुर्चीतले आजोबा डोळे मिटून घेत. मतदान केंद्रं सर्वांना वापरता येतील अशी हवीत, असं दिव्यांग हक्क कायदा, २०१६ च्या अकराव्या कलमात आहे. ते गवंड्यापर्यंत पोचलेलं नव्हतं.

सकाळी एक अंध मतदार येऊन गेले होते. मधुमेहानं उतारवयात नजर गेलेली. ब्रेल कधी शिकायची वेळच आली नाही, त्यामुळे मुलगा सोबती म्हणून आत गेला. त्यानं घोषणापत्रावर सही केली, मी नमुना १४ अ मध्ये, म्हणजे सोबत्यासह मत देणाऱ्यांच्या यादीत, नोंद केली. थोड्या वेळानं तोच मुलगा शेजारच्या म्हाताऱ्या काकूंना घेऊन आला. सोबत्याला त्या दिवशी एकाच मतदाराबरोबर जाता येतं, म्हणून त्याला परत पाठवलं. तो चिडला. हा नियम कशासाठी आहे हे समोर बसलेल्या प्रतिनिधींना चांगलं ठाऊक होतं, म्हणून ते गप्प बसले.

दहाच्या सुमाराला ती आली. पंचविशीतली असेल, हातात पांढरी काठी, मागे सासरे. रांगेतल्यांनी वाट करून दिली, ते चांगलं. पण वाट देतानाच एका बाईनं तिचं मनगट धरून ओढत आणलं. ती शांतपणे म्हणाली, “मला धरू नका, मी तुमचा कोपर धरते.” पहिल्या मतदान अधिकाऱ्यानं मतदार चिठ्ठी घेतली आणि सासऱ्यांना विचारलं, “यांचं नाव काय?” उत्तर तिनंच दिलं. माझा हा अधिकारी तसा भला माणूस आहे, पण काठी दिसली की माणसाला ऐकूही येत नाही असं का वाटतं कोण जाणे.

सासरे सोबत्याचा कागद मागत पुढे झाले. “सर, द्या हिकडं, मी करतो सही. दरवेळी मीच दाबतो.”

“मामा, ह्या वेळी मी एकटी जाणार,” ती म्हणाली.

“आगं, तुला काय दिसतंय? चुकून भलत्यालाच जाईल.”

एका पक्षाच्या प्रतिनिधीलाही लगेच लोकशाहीची काळजी वाटू लागली. मागून कुणीतरी म्हणालं, “आता तर घरी येऊन मत घेतात की.” घेतात, पण त्यासाठी १२ ड नमुन्यात आधी अर्ज भरावा लागतो, आणि तिला तो भरायचाच नव्हता. ती पुण्याला अंधशाळेत शिकलेली, लग्न होऊन गावात आलेली. मी सासऱ्यांना सांगितलं की सोबती कुणाला द्यायचा? ज्याला चिन्ह ओळखता येत नाही किंवा बटण दाबता येत नाही त्याला, आणि तेही केंद्राध्यक्षाची खात्री पटल्यावर. यांना येतंय, तर तुम्हाला आत पाठवायचा अधिकार मला नाही. ते भिंतीला टेकून उभे राहिले. वाईट माणूस नव्हता. आपलं एक काम कुणीतरी काढून घेतल्यासारखा चेहरा झाला होता.

माझ्याकडे ब्रेलमधली नमुना मतपत्रिका होती. साहित्याच्या पिशवीत ती दर वेळी असते आणि बहुतेक केंद्रांवर घडीही न मोडता परत जाते. तिच्या हातात दिली. तेवढ्यात दुसऱ्या अधिकारी मॅडम शाईची काडी घेऊन सरसावल्या. शाई लावायची डाव्या तर्जनीला आणि ती वाचत होती नेमकी त्याच बोटानं. “आधी वाचू दे, मग शाई,” ती म्हणाली. प्रशिक्षणात शाई नखापासून कुठपर्यंत ओढायची हे चित्र काढून दाखवतात, पण अशा बोटाला आधी वाचू द्यावं हे कुणी सांगत नाही. तिनं सगळी नावं ओठ न हलवता वाचली, पुन्हा एकदा वर जाऊन एका ओळीवर थांबली आणि पत्रिका परत दिली. सहीसाठी मी नोंदवहीच्या रकान्याखाली माझी फूटपट्टी आडवी धरली. पट्टीच्या कडेनं तिनं सरळ सही केली.

मी तिला पुठ्ठ्याच्या आडोशापर्यंत नेलं, तिचा हात बॅलेट युनिटच्या, म्हणजे मत द्यायच्या बटणांच्या यंत्राच्या, कडेवर ठेवला आणि मागे फिरलो. निळ्या बटणांच्या बाजूला १ ते १६ आकडे ब्रेलमध्ये उठवलेले असतात. यंत्र तयार झाल्याचा हिरवा दिवा तिला दिसणार नाही, म्हणून तिसऱ्या अधिकाऱ्यानं आपल्या टेबलावरच्या कंट्रोल युनिटचं बटण दाबून मोठ्यानं सांगितलं, “ताई, आता दाबा.” मग शांतता. रांगेत चुळबूळ. प्रतिनिधी घड्याळ बघतोय. आणि लांबलचक बीप.

मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होतो, खोटं कशाला बोलू. ती बाहेर येऊन माझ्या टेबलाशी थांबली.

“सर, एक विचारू? चिठ्ठीवर कोण आलं ते मला कसं कळायचं?”

“बीप ऐकलात ना तुम्ही?”

“बीप तर कुठलंही बटण दाबलं तरी होतो.”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. व्हीव्हीपॅट, म्हणजे दिलेल्या मताची चिठ्ठी छापणारं यंत्र, त्याच्या काचेमागे चिठ्ठी सात सेकंद दिसते आणि खाली पडते. ते सात सेकंद कशासाठी? मतदाराला स्वतःच्या डोळ्यांनी पडताळता यावं यासाठी. चिठ्ठीवर भलतंच नाव आलं असं कुणी लेखी दिलं, तर सगळ्यांसमोर चाचणी मत घ्यायची तरतूदही आहे. पण ती तक्रार करायला आधी चिठ्ठी दिसायला हवी. सासऱ्यांना आत नेलं असतं तर त्यांनी वाचून सांगितली असती, पण मग मत गुप्त राहिलं नसतं. मत पडताना मी आत थांबूच शकत नाही. म्हणजे गुप्तता घ्या नाहीतर खात्री घ्या. आम्हा बाकीच्यांना दोन्ही मिळतात आणि आम्ही चिठ्ठीकडे बघतही नाही.

तिला मी एवढंच म्हणालो की हे मी वर विचारेन. “विचारा,” ती म्हणाली, सासऱ्यांचा कोपर धरला आणि गेली.

रात्री यंत्रं जमा करताना क्षेत्रीय अधिकाऱ्यांना गाठलं. ते तीन रात्री जागलेले होते. “सर, मतांच्या हिशेबाचा १७ क आणलात? डायरी भरली? मग जा आता घरी.” डायरीत सोबत्यासह मत दिलेल्यांचा आकडा होता. तिचं मत बाकीच्या शेकडो मतांत मिसळलेलं होतं आणि तिला तर तेच हवं होतं.

तेव्हापासून विचार करतोय. पहिल्यांदा वाटलं, सोपं आहे, कानाला हेडफोन लावा आणि यंत्रालाच नाव बोलू द्या. मग लक्षात आलं, चिठ्ठीचं महत्त्व ती कागद आहे म्हणून. यंत्रावर विश्वास नसला तरी कागद डोळ्यांना दिसतो. बोलणारं यंत्र पुन्हा यंत्रच. ते जे म्हणेल ते छापलं गेलंय याची खात्री कोण देणार? चिठ्ठीवरच ब्रेल उठवायचं म्हटलं तर काच आड येते, आणि काच काढली तर चिठ्ठी हातात जाते, जे होऊ द्यायचं नाही. शिवाय सकाळच्या त्या मधुमेही आजोबांना ब्रेल येतच नाही. कागद वाचून दाखवणारं वेगळं, यंत्राशी न जोडलेलं उपकरण आडोशात ठेवता येईल का, यावर आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या मॅडमशी दोनदा वाद झाला. त्या म्हणतात येईल. मला अजून पटलेलं नाही.

पुढच्या ड्युटीचं प्रशिक्षण लागेल तेव्हा हात वर करणार आहे. शंका विचारायची वेळ येते तेव्हा सभागृहाबाहेर जेवणाची पाकिटं आलेली असतात आणि शंका असलेला माणूस कुणालाच आवडत नाही, हेही माहीत आहे.