पिटकुळीचे नखरे

नर्सरीवाला म्हणाला, “भिया, रुक्मिणी है. बारा महिने फूल देगी.” शेजाऱ्यांनी भिंतीवरून मान लांब करून ‘हमेलिया’ असं निदान केलं. सावंतवाडीहून आलेली मावशी तर चपला काढायच्या आधीच कुंडीपाशी थबकली. “अरे, ही पिटकुळी! आमच्याकडे रानात कुणी ढुंकून बघत नाही हिच्याकडे. पैसे मोजलेस?”

मोजले होते. वर नर्सरीत ती ‘विदेशी’ रोपांच्या रांगेत होती.

हमेलिया नाही, हे मात्र मी छातीठोकपणे सांगू शकलो. हमेलियाची पानं बहुधा एकेका पेरावर तीन-तीन येतात. हिची समोरासमोर, जोडीनं, जाड आणि तुकतुकीत. दोन देठांच्या मधे खोडाला चिकटून एक इवलंसं टोकदार उपपर्ण. पान खुडलं तर चीक नाही, म्हणजे तगरीची भावकीही नाही. हे कॉफीचं कूळ. (हमेलियाही त्याच कुळातली, तेव्हा शेजारी घर चुकले, गल्ली नाही.) पुस्तकातलं नाव इक्झोरा कॉक्सिनिया, लिनियसनं १७५३ मध्ये दिलेलं. ‘इक्झोरा’ म्हणजे पोर्तुगीज वळणानं गेलेला आपला ‘ईश्वर’च. झाड दक्षिण भारत आणि श्रीलंकेचं, आणि आमच्या इंदुरात विदेशी!

नावाचा निकाल लागला आणि मी तिला कुंडीतून काढून अंगणात लावली. तिथेच चुकलं. दीड-दोन महिन्यांत कोवळी पानं पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या. नकाशात नद्या दाखवतात तशा. सल्ल्यांना तोटा नव्हता. बायकोनं चहाचा चोथा घातला, ऑफिसातल्या एकानं गंजके खिळे पुरायला सांगितले, मावशी फोनवरून म्हणाली, “पाणी कमी घाल.” खिळे मी खरंच पुरले.

दुखणं लोह नसण्याचं नव्हतंच. माळव्याची काळी माती चुनखडीची, अल्कधर्मी. तिच्यात लोह असतं, पण मुळांना घेता येत नाही. डबे भरलेले, झाकण निघत नाही, तशी गत. त्यात आमचं बोअरचं पाणी जड. कोकणातल्या तांबड्या, आंबट मातीत वाढणाऱ्या झाडाला मी सोयाबीनच्या पंगतीत बसवलं होतं.

पुन्हा कुंडी आणली. लाल माती, कुजलेला पालापाचोळा, कंपोस्ट, आणि पिंपात धरलेलं पावसाचं पाणी. कंपोस्टची पिशवी दुकानातून आणताना मला जरा ओशाळल्यासारखं झालं. काडीकचरा आणि शेणाचे थर रचून, खालीवर करून खत करण्याची ‘इंदूर पद्धत’ जगभर गेली ती इथूनच. १९२४ ते १९३१ या काळात इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड इथे काम करत होते. त्यांच्याबरोबर यशवंत वाड होते, या पद्धतीवरच्या १९३१ च्या पुस्तकावर दोघांचीही नावं आहेत. हॉवर्ड सगळ्यांना ठाऊक. वाडांचं नाव इंदूरच्या मराठी घरांतही क्वचितच निघतं. आणि त्याच गावात मी खताची पिशवी विकत आणतो! पुढच्या वर्षीपासून घरचं करणार, असं गेल्या वर्षीही म्हणालो होतो.

भाद्रपदात पहिला लाल गुच्छ आला. बारीक, लांब नळी आणि वर चार पाकळ्या, मोजून चार. नातवानं एक फूल उपटून नळी चोखली. त्याला हे कोणी शिकवलं, कोण जाणे.

थंडीत मात्र तिचे नखरे सुरूच असतात. रात्रीचा पारा दहाच्या खाली गेला की पानांच्या कडा करपतात, म्हणून कुंडी जिन्याखाली येते आणि येता-जाता सगळ्यांच्या पायात घुटमळते. गुच्छाचा फोटो मावशीला पाठवला होता. तिचं उत्तर आलं, “फुलं देवाला सगळी खुडू नकोस. फळं धरली तर काळी होईपर्यंत ठेव. मी खायला येते.”