राखाडीचा रंग

घरी फोटो काढायला प्रिंटर घ्यायचा ठरलं तेव्हा पेन ड्राइव्हमध्ये दोनच फोटो टाकले आणि नागपूरच्या बर्डीचा बाजार गाठला. एक काटोलकडच्या बागेतला, संत्र्यांनी वाकलेलं झाड. दुसरा आईबाबांचा, लग्नानंतर महाराजबागेत काढलेला ब्लॅक अँड व्हाइट.

"लेझर घ्या ना जी काका," दुकानातला पोरगा म्हणाला, "शाई वाळायची झंझटच नाही." खरं होतं, टोनर म्हणजे पावडर, ती कशाला वाळते? पण गालावरची मऊ सावली लेझरला जमत नाही. मग त्याने चार शायांचा इंकटँक दाखवला, म्हणजे टाकीत बाटलीने शाई भरायचा प्रिंटर. संत्री झकास आली. जरा जास्तच नारिंगी होती, पण त्याबद्दल नागपुरात कोण तक्रार करतं!

आईबाबांचा फोटो मात्र हिरवट निघाला. ट्यूबलाइटखाली बाबा काविळीतून उठल्यासारखे दिसत होते. बाहेर उन्हात नेला तर तोच कागद जांभळट. कारण साधं आहे. चार शायांच्या बऱ्याच मशीनांत काळी शाई साध्या कागदासाठीची असते. ग्लॉसी कागदावर मशीन तिला हातच लावत नाही. राखाडी छटा मग उरलेल्या तीन रंगांतून जुळवायची, आणि तो तोल उजेड बदलला की ढळतो.

"मग सहा कलरचा घ्या," पोरगा म्हणाला. त्यातही दोन जाती. एप्सनच्या एल ८०५० मध्ये जादा शाया म्हणजे फिका सायन (निळसर) आणि फिका मजेंटा (गुलाबीसर). रंगीत फोटोतली कातडी त्याने मुलायम येते. कॅननच्या जी ६७० मध्ये लाल आणि चक्क राखाडी. राखाडीची वेगळी बाटली! मी तिथेच विरघळलो. बाबांचा कोट पहिल्यांदा कोटाच्या रंगाचा आला.

आता एकच काळजी, आपला उन्हाळा. पारा ४५ च्या वर गेला की हेडमधली, म्हणजे कागदावर शाई सोडणाऱ्या भागातली, शाई सुकायला बघते, आणि हेड क्लीनिंग केलं की शाई नुसती वाया जाते. कूलरजवळ ठेवावा तर कागद दमट होऊन वाकतो. म्हणून दर रविवारी एक रंगीत, एक ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढायचा नेम केलाय. मागच्या रविवारी आईने गठ्ठा मोजला.

"काहून रे, महाराजबागेतले अकरा झाले. आता कोणाला देऊ?"