पत्रिका वाटून झाल्या आणि आदल्या दिवशी लग्नाची जागाच बदलली

माझं नागपुरात लग्नपत्रिकांचं डिझाइन-प्रिंटिंगचं काम आहे, आणि हल्ली लोकेशनसाठी पत्रिकेवर क्यूआर कोड मागतातच लोक. पण एप्रिलमधलं एक लग्न मी विसरूच शकत नाही. काटोल रोडवरचं लॉन, मुहूर्त संध्याकाळचा, वऱ्हाडी यवतमाळ, भंडारा, अमरावतीकडून येणार. आदल्या दिवशी दुपारी अवकाळी पाऊस आला, गारा, वारा, मंडप आडवा, लॉनमध्ये घोटाभर पाणी. मुलीच्या वडिलांनी धावपळ करून मानेवाड्याकडे एक हॉल मिळवला, म्हणजे पार शहराच्या दुसऱ्या टोकाला, आणि मग मला फोन, "भाऊ, पत्रिका तं सगळ्यांच्या घरी गेल्या, आता कसं करायचं?"

म्हटलं काका, पत्रिका राहू द्या, कोड तोच चालते.

झालं असं की त्या कोडात मी नकाशाचा पत्ता थेट टाकलाच नव्हता, आमच्या वेबसाइटची एक छोटी लिंक टाकली होती आणि ती लिंक पुढे लग्नाच्या पानावर नेत होती. थेट पत्ता टाकला की तो छापला तसाच राहतो, पण लिंक असली की ती कुठे न्यायची ते कधीही बदलता येतं, छापलेल्या चौकटीतला एक ठिपकाही हलत नाही. मी रात्रीच पान बदललं. सगळ्यात वर ठळक मराठीत 'लग्नाची जागा बदलली आहे, मुहूर्त तोच', खाली नकाशाचं बटण आणि दोन फोन नंबर. पान मुद्दाम हलकं ठेवलं, फोटो-बिटो काही नाही, हायवेवर नेटवर्क कमी असलं तरी उघडलं पाहिजे.

व्हॉट्सॲपवर मेसेज गेलेच होते, पण लग्नाच्या ग्रुपमध्ये शंभर शुभेच्छांखाली पत्ता कोण शोधणार. यवतमाळची मंडळी वर्धा रोडने येतात, त्यांनी बुटीबोरीला चहाला थांबून पत्रिका स्कॅन केली आणि सरळ मानेवाड्याला वळले, नाहीतर आख्खं शहर ओलांडून काटोल रोडला गेले असते आणि परत!

जुन्या लॉनच्या गेटवर फ्लेक्स लावला. कोड जितक्या अंतरावरून स्कॅन होणार त्याच्या साधारण दहावा भाग तरी मोठा हवा, म्हणून गाडीतूनच तीन मीटरवरून स्कॅन व्हावा असा एक फुटाचा छापला, तोही मॅट, चकचकीत फ्लेक्सवर हेडलाइट पडला की कॅमेऱ्याला काही दिसत नाही. ज्यांच्याकडे साधे फोन त्यांना मुलीच्या मामांनी एकेकाला कॉल केले, ते काम कोड करू शकत नाही आणि ते टाळूही नये.

या घरच्यांना आधी मरून रंगाच्या पत्रिकेवर सोनेरी फॉइलचा कोड हवा होता. मी पांढऱ्यावर काळाच आणि चारी बाजूंनी मोकळी जागा, यावर अडून बसलो होतो. मध्ये छोटा गणपती मात्र टाकला, कारण खराब झालेला भाग भरून काढायची जी सोय कोडात असते (एरर करेक्शन), तिच्या सगळ्यात वरच्या लेव्हलला कोडचा साधारण ३० टक्के भाग झाकला किंवा खराब झाला तरी तो वाचता येतो. १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो कंपनीत हा कोड बनला तो गाड्यांच्या पार्टसाठी, कारखान्यातल्या तेल-धुळीत टिकावा म्हणून, आणि इथे हळदीचे डाग पडलेल्या पत्रिकाही व्यवस्थित स्कॅन झाल्या.

मुहूर्तावर अक्षता पडल्या. लॉनवर जाऊन परत आलेली दोन-तीनच कुटुंबं होती. आता त्याच कोडवर लग्नाचे फोटो टाकलेत, काकांनी सांगितलंय की वर्षभर तरी बंद करू नका.