कणगीतला नोड : १५ दिवसांत सेल संपण्याचे कारण अखेर सापडले

मागच्या नोंदीत ज्या नोडचे, म्हणजे कणगीतली आर्द्रता मोजून स्वयंपाकघरातल्या फोनला बिनतारी कळवणाऱ्या छोट्या बोर्डाचे, मी भरभरून कौतुक केले होते, त्याने जांबोटीच्या घरी भाताच्या कणगीत बसून सलग तिसरा सीआर२०३२ हा बटणासारखा सेल १५ दिवसांत संपवला. माझ्या हिशेबाने तो वर्षभर सहज पुरायला हवा होता.

पहिला संशय स्वस्तातल्या सेलवर गेला आणि दुसरा ओलीवर, कारण आमच्या खानापूर तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात पावसाळ्यात मातीच्या भिंतीही पाझरतात. त्यासाठी बोर्डाला लेप दिला, सेल बंगळूरच्या एस. पी. रोडवरून मागवले, फरक शून्य.

प्रवाह मोजायला मल्टिमीटर मायक्रोअँपिअरवर लावला, तर त्या रेंजचा अंतर्गत रोध इतका मोठा की प्रत्येक प्रसारणाला व्होल्टेज कोसळून नोड रीसेट होई. या कामासाठी ती रेंज निरुपयोगी आहे, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. मग सेलच्या वाटेत १ किलोओहमचा रोधक घातला, त्याला समांतर एक स्विच जोडला आणि दोन प्रसारणांमधल्या मिनिटात तो उघडून रोधकावरचे व्होल्टेज वाचले : ०.६१ व्होल्ट, म्हणजे झोपेतही ०.६१ मिलिअँपिअर. सेलच्या २२० मिलिअँपिअर-तासांना त्याने भागले की बरोबर १५ दिवस येतात. दोष सापडायचा होता, तरी त्या भागाकारानेच निम्मा शीण गेला.

दोष माझाच होता. तपासणीसाठी नोड संगणकाला पाठवत असलेले लॉग मी बंद केले होते, पण ते ज्या वाटेने जात तो सिरियल पोर्ट उघडाच राहिला होता. त्याची ग्रहण बाजू चालू असेपर्यंत नोडची मुख्य चिप एनआरएफ५२८३२ आपले उच्च वारंवारतेचे घड्याळ थांबवत नाही. नोडच्या प्रोग्रॅममधून सिरियल काढताच रोधकावरचे वाचन ४ मिलिव्होल्टवर, म्हणजे एसएचटी३१ हा आर्द्रतेचा सेन्सर धरून ४ मायक्रोअँपिअरवर आले.

त्यामुळे दोन ट्रिपल-ए सेलांच्या डब्याचा बेत रद्द करून दुसरा सेन्सर कणगीच्या तळाशी ठेवणार आहे, कारण बुरशी तिथूनच चढते. आर्द्रता २ टक्क्यांनी बदलली तरच प्रसारण करावे, असे हे लिहिताना सुचले. पण मग गप्प नोड आणि मेलेला नोड यांतला फरक स्वयंपाकघरातल्या फोनला कळणार नाही, म्हणून तासाला एक हजेरी ठेवावीच लागेल.